जिभाऊंचं मचाण

माणसांवर विश्वास ठेवून फसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. लाकडावर विश्वास ठेवून दर श्रावणात फसणारा आणि दर वैशाखात पुन्हा तितक्याच निष्ठेने विश्वास ठेवणारा माणूस मात्र पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. गाव त्यांना जिभाऊ म्हणतं. खानदेशात घरातल्या थोरल्या भावाला जिभाऊ म्हणायची रीत आहे; यांच्या बाबतीत धाकट्या भावापासून सुरू झालेलं संबोधन सगळ्या गावाने उचललं, इतकंच. पुरुषोत्तमनगरहून जरा पुढे, गोमाईच्या काठावर त्यांचं घर आहे. नदी पूर्वी कधीमधी अंगणात डोकावून जात असे म्हणून घराचं जोतं छातीइतकं उंच बांधलेलं. दरवाजातून बाहेर पाऊल टाकलं की एक ऐसपैस लाकडी ओटा आणि ओट्यावरून खाली अंगणात उतरणाऱ्या लाकडी पायऱ्या. जिभाऊ त्याला ओटा म्हणतात. गाव मचाण म्हणतं. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि जिभाऊंची पत्नी, त्या ओट्याला ‘सवत’ म्हणतात.

लाकूड दिसलं की ते बोटाच्या पेराने ठोकायचं, कान जवळ न्यायचा आणि डोळे मिटायचे, ही जिभाऊंची जुनी सवय. डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हाही इतके गंभीर दिसत नाहीत. कोणाच्या घरी जावं, पाणी प्यायच्या आधी चौकट ठोकावी. पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो तेव्हा मुलाची नोकरी, शेती, स्वभाव यांची चौकशी बाकीचे करत होते आणि हे मधल्या दाराशी उभे राहून टकटक करत होते. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी विचारलं, तर म्हणाले, “चौकट पोकय शे. मानसे बी तशेच व्हतीन.” स्थळ मोडलं. मुलीचं पुढे दुसरीकडे उत्तम चाललं आहे, त्यामुळे त्या ठोकण्याला आमच्या नातेवाइकांत आता पत्रिकेचं स्थान मिळालं आहे. माझ्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा नव्या टीपॉयवर मी हौसेने चहा ठेवला. जिभाऊंनी कप उचलला, टीपॉय ठोकला आणि कप परत ठेवायला कचरले. “मास्तर,” ते हळहळून म्हणाले, “हाई लाकूड नही शे. हाई रद्दी शे, गोंद लाईसन चिकाडेल.” मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत आलो, चिकटवलेल्या रद्दीशी माझा संबंध जुना आहे. पण त्या दिवसापासून त्या टीपॉयवर मलाच चहा गोड लागत नाही.

एकदा अक्कलकुव्याला कोणाचं तरी जुनं घर उतरवलं, त्यातली सागाची तुळई यांनी पसंत केली आणि थेट एसटीत घातली. कंडक्टरने तुळईचं तिकीट मागितलं. जिभाऊ म्हणाले, “तिकीट लेस मी. पन मंग तेले बसाले सीट दे.” निम्म्या बसने जिभाऊंची बाजू घेतली, निम्म्या बसच्या पाठीत तुळईचं टोक रुतत होतं. शेवटी तुळई बिनतिकीट आली आणि जिभाऊ तिच्याजवळ उभे राहून आले. तिला एकटीला उभं कसं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न. मोडलेल्या बैलगाडीचा साटा, उतरवलेल्या गोठ्याचे वासे, विहिरीवरच्या चाकाचे खांब, असं सगळं त्या ओट्यात गेलं आहे. ओट्यावर बसलं की आपण घराण्याच्या सगळ्या मोडतोडीवर बसलो आहोत असं वाटतं. “सिमेंट मरेलच जन्माले येस,” जिभाऊ म्हणतात. “लाकूड जितं शे. तेले हात लाव, ते वळखस.” आक्का आतून भाकरी थापता थापता ऐकवतात, “लाकूडसंगे गोष्टी करतस. मन्हासंगे बोलाले यास्ले येळ नही.”

समोरच धाकट्या भावाचं घर आहे. ते घर नाही, निवेदन आहे. दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत मालकाचं नाव, नावाखाली त्यांच्या पदांची यादी, आणि रस्त्यापासून दारापर्यंत ग्रॅनाइटच्या काळ्याभोर पायऱ्या, दोन्ही बाजूंना स्टीलचं रेलिंग. पायऱ्या इतक्या गुळगुळीत की त्यात आपला चेहरा दिसतो. पावसाळ्यात तर आपण त्या चेहऱ्याला भेटायलाच निघतो. वैशाखात त्या अशा तापतात की पाहुणे टाचांवर नाचत दारात पोचतात आणि यजमानांना वाटतं, आनंद झाला. धाकटे वाईट नाहीत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून दिवसभर माणसाला कुठेच नीट बसता येत नाही, त्याने जो स्वभाव होतो तो त्यांचा झाला आहे.

आता हा ओटा दोन भावांमधला प्रश्न कसा झाला, ते सांगायला हवं. या घराण्याची कानबाई, म्हणजे खानदेशातली श्रावणातली देवी, थोरल्याच्या घरी बसते. श्रावणातल्या रविवारी नारळाची कानबाई मांडायची, तिला साडी नेसवून नथ घालायची, सगळ्या भाऊबंदांनी एकत्र येऊन रोट खायचे, आणि सोमवारी सकाळी घरच्या थोरल्या सुनेने चौरंगासकट तिला डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचं. यांच्या घराची रीत अशी की एकदा डोक्यावर घेतली की नदी येईपर्यंत माय कुठे टेकवायची नाही, आणि न्यायची ती पुढच्या दारानेच. पुढच्या दाराने म्हणजे जिभाऊंच्या ओट्यावरून आणि जिभाऊंच्या पायऱ्यांवरून. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती उतरवत आल्या होत्या. एरवी त्या घरात कोणाच्या नजरेत येत नाहीत. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उरलेल्यात जेवणारी बाई ती. पण त्या सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या की सगळी भावकी हात जोडते. वर्षातून तेवढाच एक दिवस त्यांचा.

गेल्याच्या गेल्या वर्षी सगळ्यात वरच्या पायरीने दगा दिला. आक्कांचं पाऊल पडलं, पायरी कलली, चौरंग तिरका झाला, नारळ घरंगळता घरंगळता राहिला. माझ्या बायकोने मागून कमरेला धरलं म्हणून बरं. आक्का खाली उतरल्या, नदीवर जाऊन आल्या, आणि परतल्यावर गुडघा धरून बसल्या. तो गुडघा आधीच दुखरा होता. संध्याकाळी भावकी ओट्यावरच बसली. खरं तर ज्याच्यावर खटला चालायचा त्याच्याच डोक्यावर. भाऊबंदांतले सगळ्यात वडील आप्पा म्हणाले, “माय खाले पडनी असती ते? काय तोंड दावतात?” धाकटे म्हणाले, “जिभाऊ, आते वहिनीनं वय व्हयनं. पुढला वरीसले कानबाई मन्हा घर बसाडूत. फरशी शे, रेलिंग शे.” सगळ्यांनी मान डोलावली. आक्का दारामागे उभ्या होत्या. हातातलं ताट त्यांनी इतकं सावकाश खाली ठेवलं की त्याचा आवाज झाला नाही. तो न झालेला आवाज जिभाऊंनी ऐकला असावा. ते उठले, खांबाला हात लावून म्हणाले, “एक वरीस द्या. लाकूड हालनं ते मी सोता कानबाई तुन्हा घर आनसू.”

एक वर्ष मिळालं. आणि जिभाऊंनी त्या वर्षात नेमकं तेच केलं जे ते दर वर्षी करत आले होते, फक्त जास्त मन लावून. कापूस निघाला, गहू घरात आला, वैशाखात हात रिकामे झाले, तेव्हा त्यांनी ओटा मुळापासून उकलला. वासे बदलले. अक्कलकुव्याची ती तुळई पुढच्या बाजूला आडवी घातली, पायऱ्या तिच्यावर टेकवल्या. आणि मग फळ्या बसवल्या: एकीला एक चिकटून, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून, मध्ये केस जाणार नाही अशा. मी सुटीत गेलो होतो. नंदुरबारच्या बाजूचा तो वैशाख. लाकूड वाळून वाळून हाडासारखं झालेलं. मी म्हटलं, “जिभाऊ, थोडी फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं.”

“फुगतस ते मानसे,” ते म्हणाले, आणि समोरच्या सोनेरी अक्षरांकडे बघून पुढची फळी ठोकू लागले.

याचं कारण निव्वळ हट्ट नव्हता. त्या ओट्यावर गहू वाळतो, हरभरा वाळतो, दिवाळीनंतर मिरच्यांचा लाल गालिचा पडतो. जिभाऊंच्या वडिलांनी धान्य साठवायची कणगी बांधायला शिकवलं होतं, ओटा बांधायला नव्हे. आणि कणगीचा नियम एकच, दाणा पडता कामा नये. “फटमाइन दाना पडस,” ते म्हणत. “दाना गया म्हनजे लक्ष्मी गई.” उघड्यावर, पावसात भिजणारा ओटा ते कणगीसारखा बांधत होते, आणि तोही वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात, कारण शेतकऱ्याला सवड तेव्हाच मिळते. माझ्याच घराचा दरवाजा श्रावणात अडकला की रंधा घेऊन येणारा माणूस हा. पण तो दरवाजा लोकांचा. स्वतःच्या लाकडाबद्दल त्यांचं मत असं की जुन्या लाकडाने आयुष्यात प्यायचं तितकं पाणी पिऊन घेतलेलं असतं.

श्रावण आला. कानबाईच्या आधी काही दिवस पावसाने झड धरली. मी आणि बायको शनिवारी पोचलो तेव्हा जिभाऊ ओट्यावर अनवाणी फिरत होते, आणि ज्या हौसेने ते एरवी पाहुण्याला ओटा दाखवतात तिचा पत्ता नव्हता. ते एका फळीवर उभे राहत, खाली बघत, बाजूला होत, पुन्हा उभे राहत. रविवारी दुपारी, आत रोटासाठी पुरण शिजत असताना, मधल्या दोन फळ्या एकमेकींच्या अंगावर रेलून पापडासारख्या उठल्या. बाकीच्यांना उठायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी पुढे रेटा दिला. पुढची तुळई बाहेर झुकली, आणि तिच्यावर टेकलेली सगळ्यात वरची पायरी पाय ठेवताच डुलू लागली. नेमकी तीच पायरी. जिभाऊंनी तिच्यावर एक पाट ठेवला आणि पाटावर ते स्वतः बसले. भावकी येत होती, त्यांना ओलांडून आत जात होती. “बठा बठा, जिभाऊ,” म्हणत होती. धाकटे आले. त्यांनी पायरीकडे पाहिलं, उठलेल्या फळ्यांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. न बोलणारा धाकटा भाऊ फार मोठा दिसतो.

रात्रभर आत गाणी चालली होती. सोमवारी उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता, आणि मी बाहेर आलो तर आक्का ओट्यावर उभ्या होत्या. नव्या साडीत, नथ घातलेल्या, आणि एका पायाचा अंगठा उठलेल्या फळीवर दाबून बघत. जिभाऊ पायरीवरच बसलेले, त्यांच्याकडे पाठ करून.

“एक फळी काढा,” आक्का म्हणाल्या.

जिभाऊंनी बुडाखालचा पाट सरकवला.

“आयकं का? मधली एक काढा. बाकीन्या बसतीन.”

“फट पडी,” जिभाऊ म्हणाले.

“पडू द्या.”

“दाना पडी.”

“दाना पडी ते पडू द्या,” आक्का म्हणाल्या. “मी पडाले नको.”

जिभाऊ उठले. पहार आणली. मी त्यांना एवढी वर्षं ओळखतो, पण कुठल्याही लाकडाकडे त्यांनी असं न ठोकता, न ऐकता पाहिलेलं मला आठवत नाही. फळी निघताना अशी काही किंचाळली की आतलं गाणं थांबलं. ती सुटताच बाकीच्या फळ्या हळूहळू, सुस्कारा सोडल्यासारख्या, खाली बसल्या. तुळई मागे आली. सगळी नाही, बरीचशी. पण तिच्यातले खिळे ढिले झाले होते, आणि वरची पायरी डावीकडून अजून डुलत होती. जिभाऊंनी खाली शिरून तिला दगडाचा टेकू दिला. जमीन चिखल झालेली. दगड आमच्यादेखत गुडुप झाला. दुसरा दिला, तोही गेला. आत आरती सुरू झाली. अंगणात डफ वाजू लागला. आरती संपली की माय उठणार, आणि एकदा उठली की थांबणार नाही.

जिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग धोतर खोचलं, वाकले, ओट्याखाली शिरले आणि त्या पायरीखाली पाठ लावून, गुडघ्यांवर हात रोवून बसले. बाहेरून फक्त त्यांची चिखलात रुतलेली पावलं दिसत होती.

तेवढ्यात धाकटे बाहेर आले. परीटघडीचा सदरा, खांद्यावर नवं उपरणं. मिरवणुकीच्या पुढे चालायची जागा बघायला म्हणून ते अंगणात उतरले आणि त्यांना ती पावलं दिसली. ते वाकले.

“जिभाऊ, आठे काय करी ऱ्हायनात?”

“हळू बोल.”

“बाहेर निंघा. पाठ मोडी तुम्हनी.”

“तू जाय,” खालून आवाज आला. “तुन्हा कपडा खराब व्हतीन.”

धाकटे सरळ उभे राहिले. त्यांच्या हातात सगळं होतं. त्यांनी भावकीला एक हाक मारली असती, सगळ्यांना ते दृश्य दाखवलं असतं, तर कानबाई पुढच्या वर्षी ग्रॅनाइटवर बसली असती. शब्द दिलेला होता. त्यांनी एकदा स्वतःच्या पायऱ्यांकडे पाहिलं. दारातून आरतीचा शेवटचा जयजयकार आला. मग त्यांनी उपरणं माझ्या हातात दिलं आणि ते दुसऱ्या बाजूने ओट्याखाली शिरले. पांढऱ्या कपड्यातला माणूस चिखलात रांगताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगतो, हसू आलं नाही.

आक्का दारात आल्या. डोक्यावर चौरंग, चौरंगावर नथ घातलेली माय, दोन्ही हात वर. त्यांना खाली बघता येत नव्हतं. त्या फटीशी आल्या, पायाने चाचपली, ओलांडली. वरच्या पायरीशी येऊन थांबल्या. डफ वाजत राहिला, मागच्या बायका थबकल्या, आप्पांनी पुढे येऊन डोळे बारीक केले. आक्कांनी टाच उचलून पायरीवर दोनदा आपटली.

खालून दोनदा टकटक झाली.

आक्कांनी पाऊल टाकलं. पायरी हलली नाही. दुसरं टाकलं, तिसरं, आणि त्या अंगणात होत्या. लगेच मागची सगळी भावकी डफावर नाचत ओट्यावर आली. कानबाई एकटी कधीच उतरत नाही, हे आम्ही त्या गडबडीत विसरलो होतो. बायका फुगड्या घालत होत्या, कोणी लाह्या आणि गहू उधळत होतं, फळ्या दणदणत होत्या, आणि त्या फटीतून लाह्या, गहू, कुंकू असं सगळं दोन भावांच्या डोक्यांवर पडत होतं. खालून मला एकच वाक्य ऐकू आलं, थोरल्याचं: “दाना पडी ऱ्हायना ना?” आणि धाकट्याचं उत्तर: “पडू द्या, जिभाऊ. तुम्ही पाठ लावा.”

मिरवणूक वळणावर गेल्यावर दोघे बाहेर निघाले. धाकट्यांचा सदरा चिखलाने आणि कुंकवाने असा झाला होता की गावात कोणतंही पद त्यांच्यावर शोभलं नसतं. मागे राहिलेल्या आप्पांनी विचारलं, “काय रे, खाले काय करी ऱ्हायंतात?” धाकटे म्हणाले, “जिभाऊनी चप्पल खाले गयती.” जिभाऊंनी आयुष्यात त्या ओट्यावर चप्पल घातलेली नाही, हे आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पायरीवर स्वतःची काठी दाबून बघितली, आणि नदीच्या दिशेने चालू लागले. कानबाई कोणाच्या घरी बसवायची हा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

या वैशाखात जिभाऊंनी फळ्या पुन्हा बसवल्या, या खेपेला दर दोन फळ्यांमध्ये ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या जाडीइतकी फट ठेवून. मी फटीकडे पाहिलं. तेच म्हणाले, “मुंगीस्ले जागा पाह्यजे ना, मास्तर.” गहू आता ताडपत्रीवर वाळतो. पायऱ्यांखाली दगडी पाया घातला आहे. तो दगड धाकट्यांच्या ग्रॅनाइटमधून उरलेला आहे, पण त्याचा उल्लेख जिभाऊंसमोर करायचा नाही. आता त्या पायऱ्यांवरून हत्ती उतरवावा.

आक्कांचा गुडघा मात्र लाकडासारखा दुरुस्त होत नाही. यंदा कानबाई धाकट्यांच्या सुनेने उतरवली. मुलगी काटक आहे, आक्कांनी तिला आठवडाभर रिकामा चौरंग डोक्यावर ठेवून चालवलं होतं. आक्का दारात खुर्चीवर बसल्या, हातात काठी. माय त्यांच्या समोरून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. डफ अंगणात उतरला, भावकी वळणाकडे निघाली. मी जिभाऊंना गर्दीत शोधत होतो. पुढे नव्हते, मागे नव्हते. पायरी पक्की, पाया दगडाचा, टेकूची कोणालाच गरज नाही. तरी मी ओट्याकडे वळलो.

ओट्यावर आक्का एकट्याच होत्या. त्यांनी काठी उचलली आणि फळीवर दोनदा टेकवली. काहीच आलं नाही. नदीकडे डफाचा आवाज लांब चालला होता. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, काठीवरची पकड बदलली आणि पुन्हा दोनदा टेकवली.

खालून दोनदा टकटक झाली.

“शेतस,” आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आहेत.